रातपाळीची फुली: फिरत्या ड्यूटीत एटीसीवाल्याने झोप कशी सांभाळावी

वडील मिलमध्ये तिसऱ्या पाळीला असले की आई चाळीतल्या आमच्या दारावर खडूने मोठी फुली मारायची. फुली म्हणजे आत रातपाळीचा माणूस झोपलाय. समोरच्या कानडी आजी असोत की शेजारचे तेलुगू पद्मशाली, फुली सगळ्यांना वाचता यायची. पोरं गोट्या घेऊन मागच्या बोळात जायची, भांडी दुपारी दोननंतर घासली जायची आणि पाहुणा आलाच तर त्याचा चहा शेजारी व्हायचा. मिली बंद पडल्या, भोंगे गेले आणि ती फुलीही गेली.

मी पुढे एअर ट्रॅफिक कंट्रोलर झालो, म्हणजे एटीसीवाला: विमानांना वाट आणि उंची सांगणारा. तीसेक वर्षं वेगवेगळ्या विमानतळांवर रात्री काढल्या, आता निवृत्त होऊन सोलापुरात विजापूर रोडला राहतो. जून २०२५मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झाल्यापासून गल्लीतली पोरं विचारतात, ‘काका, टॉवरमध्ये नोकरी कशी लागते?’ तिथे रात्र कशी काढायची, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.

माझ्या भाच्यानेही विचारलं नव्हतं. प्रयागराजला ट्रेनिंग करून तो मुंबईला लागला. मध्यंतरी मित्राच्या लग्नाला आला, ते असं: शुक्रवारी सकाळी साडेसातला रात्रीच्या ड्यूटीवरून सुटला, खोलीवर जाऊन बॅग भरली, दुपारची वंदे भारत पकडली. खुर्चीत तासभर डोळा लागला असेल. रात्री सोलापुरात उतरून मित्रांबरोबर पार्क चौपाटीवर दीड वाजेपर्यंत बसला. शनिवारी सहा-सव्वासहाला उठून हळदीला, मग लग्न, मग वरात. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस, बर्थवर पाचेक तास झोप. रविवारी खरं तर त्याची दुपार होती, पण सहकाऱ्याशी बदलून त्याने सकाळ घेतली होती. सीएसएमटीवर उतरून पोरगं थेट साडेसातच्या ड्यूटीवर हजर. मला फोनवर म्हणतो, “मामा, जमतंय की! काय नाही होत.”

हा लेख त्या ‘काय नाही होत’साठी आहे. थकलेल्या माणसाला आपण किती थकलोय हे सगळ्यात शेवटी कळतं. त्यामुळे ‘मला आत्ता कसं वाटतंय’ या प्रश्नावर भिस्त ठेवायची नाही. आकडे मांडायचे, झोपेची वेळ ड्यूटीसारखी ठरवायची आणि घरच्यांना त्यात सामील करून घ्यायचं. रेल्वेत, दवाखान्यात, यंत्रमागावर रातपाळी करणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. उदाहरणं मात्र माझ्या धंद्यातली आहेत.

आधी वहीत हिशोब

एक छोटी वही करा. रोज दोनच गोष्टी लिहा: किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो. मोबाइलवर लोळलेला वेळ झोप म्हणून धरायचा नाही.

ड्यूटीवर निघण्याआधी तीन बेरजा करायच्या. गेल्या २४ तासांत निदान ५ तास झोप झाली का? गेल्या ४८ तासांत निदान १२ तास झाली का? आणि ड्यूटी संपेल तेव्हा मी सलग किती तास जागा असेन? हा तिसरा आकडा गेल्या ४८ तासांतल्या झोपेपेक्षा मोठा येत असेल तर गडबड आहे. थकव्यावर काम करणाऱ्या संशोधकांनी बांधून दिलेला हा ठोकताळा आहे आणि मला तो फार सोयीचा वाटतो, कारण यात मनाला विचारावंच लागत नाही.

आता भाच्याचा हिशोब करू. शुक्रवार सकाळ साडेसात ते रविवार सकाळ साडेसात, बरोबर ४८ तास. गाडीत १, शुक्रवारी रात्री साडेचार, सिद्धेश्वरमध्ये ५. बेरीज साडेदहा. २४ तासांची अट जेमतेम काठावर, ४८ तासांची नापास. हे फोनवर ऐकवलं तेव्हा तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “बर्थवरची झोप पण धरायची ना?” धरली होतीच की! कुर्डुवाडीला चहावाला ओरडतो, दौंडला दिवे लागतात. खरं म्हणजे ती पाचाची तीनच धरायला हवी होती.

जागरणाची दुसरी मोजपट्टी आणखी टोचणारी आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिलं की १७ तास सलग जागा असलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं घसरतं. आपल्याकडे गाडी चालवायला कायद्याने चालतं ते ०.०३ टक्के. म्हणजे सकाळी सातला उठून, दुपारी न झोपता रात्रपाळीला गेलेला माणूस मध्यरात्रीच ती हद्द ओलांडून बसलेला असतो. पहाटे चारला त्याचे २१ तास झालेले असतात.

रोस्टर वाचायचा कसा

धरून चालू की तुमची फिरती अशी आहे: पहिल्या दिवशी दुपार, दुसऱ्या दिवशी सकाळ, तिसऱ्या दिवशी रात्र, चौथ्या दिवशी सकाळी सुटका, पाचव्या दिवशी सुट्टी. महिन्याचा तक्ता हातात आला की त्यावर तीन खुणा करा.

पहिली खूण: दुपारनंतर लगेच सकाळ कुठे आहे? रात्री आठ-साडेआठला सुटलात, घरी पोचून जेवायला दहा वाजले आणि सकाळच्या ड्यूटीसाठी पाचला उठायचं असेल, तर झोप उरते सहा तास, तीही अंग सैल पडलं तर. या छोट्या मधल्या सुट्टीला लोक गांभीर्याने घेत नाहीत. अमेरिकेत लेक्सिंग्टनला २७ ऑगस्ट २००६ रोजी पहाटे एक विमान चुकीच्या, आखूड धावपट्टीवरून उडायला गेलं आणि ४९ माणसं गेली. चूक वैमानिकांची होती, चौकशीतही तसंच निघालं. पण टॉवरमध्ये एकटा असलेला कंट्रोलर आदल्या दिवशी सकाळी साडेसहा ते दुपारी अडीच ड्यूटी करून रात्री साडेअकराला परत आला होता आणि मधल्या नऊ तासांत साधारण दोन तास झोपला होता. विमान कुठल्या धावपट्टीवर उभं आहे हे त्याने पाहिलं नाही. तो पाठ फिरवून दुसऱ्या कामाला लागला होता.

दुसरी खूण: सलग किती रात्री? एक किंवा दोन ठीक. २०११च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनच्या विमानतळावर टॉवरमधला एकटा कंट्रोलर झोपी गेला आणि दोन प्रवासी विमानं टॉवरकडून उत्तर न मिळता उतरली. त्याची ती सलग चौथी रात्र होती.

तिसरी खूण: तुम्ही स्वतः बदलून घेतलेल्या ड्यूट्या. रोस्टर बनवणाऱ्याने केलेली चूक नियमात पकडली जाते. आपसांत केलेली अदलाबदल लग्नाच्या आणि वास्तुशांतीच्या नावाखाली निसटते. भारतात डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने) एटीसीसाठी ड्यूटीच्या आणि विश्रांतीच्या तासांच्या मर्यादा घालून दिल्या आहेत. त्या एकदा नीट वाचा, आणि अदलाबदलीनंतरचा तक्ताही त्यात बसतो का ते तपासा. मर्यादेत बसला म्हणजे माणूस ताजातवाना असेलच असं नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता एक मुद्दा, जिथे बरेच जण फसतात. इंटरनेटवर रातपाळीसाठी सल्ले मिळतात: खिडक्या काळ्या करा, सकाळी काळा चष्मा लावा, दिवसाची रात्र करून टाका. हे सल्ले महिना-महिना रात्रीच काम करणाऱ्यांसाठी आहेत. शरीराचं घड्याळ दिवसाला जेमतेम तासभर सरकतं. तुमची रात्र एकच, फार तर दोन. तेवढ्यात घड्याळ उलटं फिरवायला गेलात तर ना रात्रीचे राहाल ना दिवसाचे. तेव्हा फिरत्या पाळीवाल्याने घड्याळ दिवसाचंच ठेवायचं, आणि रात्र म्हणजे पाहुणी समजून तिच्यापुरती सोय करायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशोबाने आहेत.

रात्रीच्या ड्यूटीची दुपार

ही सगळ्यात मोलाची पायरी आहे आणि सोलापूरकराला ती शिकवावी लागू नये. एक ते चार शटर खाली ओढून वामकुक्षी घेणारं आपलं गाव! दुपारी दोन ते चारच्या सुमारास शरीराला तशीही पेंग येते, तिचा फायदा घ्यायचा.

सकाळी नेहमीसारखं उठा. मुद्दाम पहाटे उठून ‘मग दुपारी झोप लागेल’ हा डाव उलटतो. बारानंतर चहा-कॉफी बंद. साडेबाराला हलकं जेवण. दोनला आडवे व्हा आणि दीड तास द्या, जमलं तर तीन. दीडच तास का? झोपेचा एक फेरा साधारण नव्वद मिनिटांचा असतो आणि फेरा पुरा करून उठलेला माणूस जडावलेला नसतो. झोप लागलीच नाही तरी डोळे मिटून पडून राहा. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

माझ्या पहिल्या पाच-सात वर्षांत मी हे केलं नाही. दुपारी बँकेची कामं, गॅसचा नंबर, पोराची फी. “रात्री तर जाणारच आहे, दिवसा घरी आहे ना,” असं घरचेही म्हणायचे. रातपाळीच्या माणसाची दुपार म्हणजे फुकटचा वेळ, हा समज घराघरांत आहे आणि तो आपणच मोडायचा असतो. माझ्या आईला यातलं शास्त्र काही ठाऊक नव्हतं, पण वडिलांना दुपारी किराण्याला कधी धाडलं नाही तिने.

जेवणाचं थोडक्यात: मुख्य जेवण साडेसातच्या आत घरी. भाकरी, भाजी, शेंगाचटणी, काय खायचं ते खा. मध्यरात्री डब्यात दहीभात किंवा फळ, एवढंच. पोटाचंही घड्याळ असतं, रात्री एकला बिर्याणी पचवायला ते तयार नसतं. पित्त होतं आणि पाठोपाठ डोळ्यांवर झापड येते. एकादशीचा उपास रात्रपाळीच्या दिवशी धरून रात्री साबुदाण्याच्या खिचडीवर ताव मारणारे मी पाहिलेत, त्यांच्याविषयी जास्त बोलत नाही.

रात्री बारा ते तीन

मुंबईसारख्या ठिकाणी खरी वर्दळ याच वेळी असते. आखाताची, युरोपची विमानं मध्यरात्रीनंतर निघतात. काम अंगावर असतं तोवर माणूस जागा असतो, फसवा जागा. या तीन तासांत पुढच्या तीन तासांची बेगमी करायची.

प्रकाश भरपूर ठेवा, निदान विश्रांतीच्या खोलीत तरी. रडारच्या हॉलमध्ये पडद्यांसाठी अंधारच लागतो. चहा थोडा-थोडा घ्या. एकदम मोठा मग भरून पिण्यापेक्षा दर दोन तासांनी अर्धा कप बरा. आणि शेवटचा कप तीनला. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायला पाचेक तास लागतात. सहाला ‘जाता जाता एक कडक’ घेतलात तर अकरा वाजता तुम्ही पलंगावर आणि निम्मा चहा अजून कामावर. आमच्या वडिलांची तेवढी एकच चूक होती. पाळी सुटल्यावर मिलसमोरच्या टपरीवर चहा झाल्याशिवाय ते घरी येत नसत, मग अकरापर्यंत तळमळत.

विश्रांतीतली डुलकी हे वेगळं कौशल्य आहे. अमेरिकेच्या नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना आळीपाळीने ४० मिनिटं विश्रांती देऊन पाहिली. ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि न झोपलेल्यांपेक्षा पुढे चांगलेच सावध राहिले. तेव्हा तुमच्या स्टेशनवर अधिकृत विश्रांती मिळते त्या वेळेत गजर लावून वीस-पंचवीस मिनिटं झोपा. झोपण्याआधी अर्धा कप चहा घेतलात तर उठेपर्यंत तो चढलेला असतो. कॅफीन लागू पडायला वीस-तीस मिनिटं लागतातच.

पण उठल्यावर लगेच हेडसेट लावायचा नाही. जागं झाल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं मेंदू अर्धवट झोपेतच असतो. मंगळूरला २२ मे २०१० रोजी पहाटे विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ माणसं गेली. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. ते बराच वेळ झोपले होते आणि चौकशी अहवालात या झोपेतून उठतानाच्या गुंगीचा उल्लेख आहे. म्हणून गजर विश्रांती संपण्याच्या वेळेचा नको. त्याच्या वीस मिनिटं आधीचा लावा. तोंड धुवा, जिना चढा-उतरा, मग पोझिशनवर (आपल्या कामाच्या जागेवर) जा आणि आधी पाच मिनिटं शेजारी बसून ऐका.

आणि दुसरा माणूस पोझिशनवर एकटा पडेल अशी विश्रांती घ्यायची नाही. १ जुलै २००२च्या रात्री झुरिकला एक कंट्रोलर विश्रांतीला गेला, उरलेला एकटा दोन पोझिशन सांभाळत होता, त्यात फोनची आणि यंत्रणेची दुरुस्ती सुरू होती. युबरलिंगेनवर दोन विमानं आकाशात धडकली; ७१ माणसं, त्यांत पुष्कळ शाळकरी मुलं. रात्री वर्दळ कमी असते म्हणून सवयीने चालवून घेतलेली ती पद्धत होती.

तीन ते सहा

शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली जातं. अंगावर शाल घ्यावीशी वाटते ती एसीमुळेच असं नाही. बाहेर विमानं कमी झालेली असतात आणि खरा धोका या शांततेतच असतो.

एका मोठ्या स्टेशनवर, नाव सांगत नाही, पहाटे चार वीसला मी एका विमानाला लेव्हल एकशेदहापर्यंत (म्हणजे अकरा हजार फुटांपर्यंत) खाली यायला सांगितलं. वैमानिकाने परत वाचलं ते ‘शंभर’. मी ‘एकशेदहा’च ऐकलं. कानात शंभर पडलं होतं, डोक्याने मला अपेक्षित होतं ते लिहून घेतलं. शंभरावर दुसरं विमान होतं. शेजारच्या प्लॅनरने (जोडीला बसलेल्या कंट्रोलरने) काही न बोलता पेन्सिलच्या टोकाने माझ्या स्ट्रिपवर, म्हणजे विमानाची माहिती लिहिलेल्या पट्टीवर, दोनदा टकटक केलं. मी दुरुस्ती दिली, वैमानिकाने पुन्हा वाचलं, चाळीस सेकंदांत प्रकरण मिटलं. तोवर मला कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की मी टक्क जागा आहे.

त्या रात्रीनंतर मी काही सवयी लावून घेतल्या. रीडबॅक, म्हणजे वैमानिकाने परत वाचलेली सूचना, ऐकताना पेन स्ट्रिपवर त्या आकड्यावर टेकवून ठेवायचं आणि तोच आकडा ऐकू आला की टिक करायची. आधी टिक नाही. मिळत्याजुळत्या कॉल साइनची (रेडिओवरच्या नावाची) दोन विमानं असतील तर दोघांनाही तसं सांगायचं. सोयीसाठी म्हणून शॉर्टकट द्यायचे नाहीत. दिवसा जे डोक्यात मावतं ते पहाटे मावत नाही. तासातासाला उभं राहून काम करायचं. आणि शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवायचं, “साडेतीननंतर माझ्यावर लक्ष ठेव, मी तुझ्यावर ठेवतो.” यात कमीपणा काही नाही. तोंडावर गार पाणी, च्युइंगगम, गप्पा यांनी जाग येते ती पाच-दहा मिनिटांची. त्यावर तास काढू नका.

खुणा ओळखा: एकच स्ट्रिप दोनदा वाचली तरी लक्षात राहत नाही, ‘से अगेन’ (पुन्हा सांगा) वाढलेत, शेजारचा बोलला आणि शेवटचे तीन शब्दच ऐकू आले, मान झुकून परत वर आली. मान झुकली म्हणजे तुम्ही झोपला होतात. दोन-तीन सेकंद का होईना, रडारवर कुणी नव्हतं.

‘मी आत्ता फिट नाही’

हे वाक्य घरी आरशासमोर म्हणून पाहा, खरंच. आपल्याकडे ते तोंडातून निघत नाही. वही इथेही कामाला येते. झोपेच्या अभ्यासात एक ते नऊची मोजपट्टी वापरतात: एक म्हणजे टक्क जागा, नऊ म्हणजे डोळे उघडे ठेवायला झगडतोय. बारा, दोन, चार आणि सहाला स्वतःला आकडा द्या. सातच्या वर गेला की वॉच सुपरवायझरला सांगायचं: “सर, माझा आकडा आठ आहे, मला अर्धा तास बदली द्या किंवा दुसऱ्या पोझिशनवर टाका.” आकडा सांगितला की बोलणं ‘याला काम नको’ या वळणावर जात नाही.

थकव्याचा व्यवस्थित बंदोबस्त करणं ही एटीसी सेवा देणाऱ्यांची जबाबदारी आहे, असे आंतरराष्ट्रीय नियम नोव्हेंबर २०२०पासून लागू आहेत. तेव्हा थकव्याचा लेखी रिपोर्ट देणं म्हणजे तक्रार नव्हे. पहाटे चारचा ‘शंभर-एकशेदहा’ कुणी लिहून दिलाच नाही तर रोस्टर बनवणाऱ्याला तो कळणार कुठून? मी माझा लिहून दिला, पण दोन वर्षं उशिरा. हे आता सांगताना बरं वाटत नाही.

सुटताना

सकाळचा हँडओव्हर आठवणीवर द्यायचा नाही. यादी समोर ठेवून एकेक बोट लावत जायचं: विमानं, हवामान, बंद यंत्रणा, अर्धवट राहिलेला समन्वय. रिलीव्हर बसल्यावर लगेच हेडसेट काढून पळू नका, दोन-चार मिनिटं मागे उभे राहा.

मग गाडी. माझं ऐकाल तर रात्रपाळीनंतर स्वतः चालवू नका. बस, लोकल, रिक्षा, नाहीतर सहकाऱ्याला जोडीला घ्या. मोटारसायकलवर पेंग आली तर सावरायला सेकंदही मिळत नाही. फारच डोळे मिटत असतील तर आधी वीस मिनिटं तिथेच खुर्चीत झोपा, मग निघा.

सोलापूरच्या उन्हात दिवसा झोप

मे महिन्यात पारा ४३च्या पुढे, वर पत्रे किंवा तापलेला स्लॅब, त्यात दुपारी लाइट गेली तर झोपेचं खोबरंच. ज्यांना सोलापुरात राहून रातपाळी करायची आहे त्यांनी घरातली सगळ्यात खालची, उत्तरेकडची खोली घ्यावी. स्वयंपाकघराला लागून असलेली नको. मिक्सर आणि फोडणी दोन्ही भिंत ओलांडून येतात.

सकाळच्या तीन-चार तासांच्या झोपेपुरता अंधार हवाच, पण पडद्यांवर पैसे घालू नका. आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू घरात पडून असते. जुनी सोलापुरी चादर घ्या, जाड विणीची, आणि खिडकीच्या चौकटीला वरून पट्टी ठोकून ती दुहेरी लटकवा. कडांना कपड्याचे चिमटे लावले की उजेडाची रेघसुद्धा आत येत नाही. मी अंधेरीच्या खोलीत पंधरा वर्षं हेच केलं. घरमालकाला आधी वाटलं मी चादरी विकतो. उन्हाळ्यात याच चादरीची खालची कड ओली करून वारा घेता येतो, पण खोली कोंदट होते, म्हणून कूलर असेल तर तो खिडकीत आणि चादर दुसऱ्या बाजूला. कूलरच्या घरघरीने बाहेरचा भंगारवाला आणि भाजीवाला बरेचसे बुजतात, हा वरचा फायदा.

फोन बंद ठेवा, फक्त घरच्या एका नंबरचा आवाज चालू. बेलच्या बटणावर चिकटपट्टी आणि दारावर कागद: ‘रातपाळी आहे, एकपर्यंत बेल वाजवू नये.’ कुरियरवाला वाचत नाही, दूधवाला वाचतो.

किती झोपायचं? नऊच्या आत आडवे व्हा आणि साडेबारा-एकला उठा. साडेतीन-चार तास पुरेत. संध्याकाळी पाचपर्यंत झोपलात की रात्री दोनपर्यंत छताकडे बघत बसाल आणि घड्याळ सरकलंच म्हणून समजा. उठल्यावर उजेडात जा. संध्याकाळी संभाजी तलावाकाठी अर्धा तास चाला, आणि रात्री दहाला झोपा. ती रात्रीची झोप खरी भरपाई. लागोपाठ दुसरी रात्र असेल तर मात्र हा हिशोब बदलतो: मग सकाळी मिळेल तितकं झोपा आणि दुपारी पुन्हा दीड तास.

सुट्टीचा दिवस आणि गाव

रातपाळीनंतरचा पहिला दिवस सुट्टी नाही. तो दिवस झोपेचा. लग्न, डोहाळजेवण, गड्ड्याची यात्रा, सगळं दुसऱ्या दिवशी ठेवा. जानेवारीत नंदीध्वजांच्या मिरवणुकीला यायचंच असेल तर रजा आधी टाका, ड्यूटी बदलून घेऊ नका. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी सुटल्या सुटल्या गाडीत बसण्यापेक्षा खोलीवर तीन तास झोपून मगच निघावं. परतताना सकाळच्या ड्यूटीआधी सिद्धेश्वर नको, एक रात्र आधी पोचा. एक दिवस कमी मिळतो घरी, हो.

गोळ्या, दारू, डॉक्टर

सकाळी झोप लागावी म्हणून दारू घेणारे मिलच्या काळातही होते, आजही आहेत. दारूने झोप लवकर लागते आणि दोन तासांत तुटते. झोपेच्या गोळ्या, अगदी सर्दीच्या गोळ्यासुद्धा, आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत. सर्दीवरच्या बऱ्याच औषधांनी गुंगी येते आणि तुमचं लायसन्स वैद्यकीय तपासणीवर अवलंबून आहे. कुठलंही औषध सुरू करण्याआधी तुमच्या मेडिकल एक्झामिनरला विचारा. मेलाटोनिनचंही (झोपेच्या हार्मोनच्या गोळीचंही) तेच.

मोठ्याने घोरता, घोरताना श्वास अडकतो असं बायको सांगते, आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड असतं, तर हे पाळीचं नाही, झोपेतल्या श्वासाचं दुखणं असू शकतं. तपासून घ्या. सुट्टीतही तीन महिने झोप लागत नसेल, मन सारखं खाली असेल, तरीही डॉक्टर गाठा. रातपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ साली ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं आहे. घाबरून नोकरी सोडायला नव्हे, पण वर्षातून एकदा रक्तदाब-साखर बघायला एवढं पुरेसं कारण आहे. आणि पंचेचाळिशीनंतर जुनी सवय कामाला येईल असं समजू नका. माझ्या रात्री वयाबरोबर जड होत गेल्या.

भाच्याच्या खोलीवर मागच्या महिन्यात जाऊन आलो. खिडकीवर चादर आहे, थोडी वाकडी ठोकली आहे. इकडे सोलापुरात माझ्या बहिणीने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्याच्या रात्रपाळ्यांच्या दुसऱ्या दिवशी लाल पेनाने फुली मारून ठेवली आहे. त्या दिवशी ती त्याला दीडच्या आत फोन करत नाही, आणि मी सकाळी करायला लागलो तर माझ्या हातातून मोबाइल काढून घेते.